काखेतली गाठ आणि किंग्ज सर्कलचं पाणी



गेल्या जुलैमधली गोष्ट. आठवीच्या वर्गात रक्ताभिसरण शिकवत होते. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढून झाले, लाल-निळे बाण दाखवून झाले आणि मी दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "रक्त बंद नळ्यांमधून फिरतं, नळी फुटल्याशिवाय बाहेर येत नाही." शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. नव्या पावसाळी बुटांनी त्याच्या टाचेला फोड आला होता.

"बाई, रक्त बंद नळीत असतं ना? मग फोड फुटल्यावर पाणी येतं ते कुठून येतं? ते तर लाल पण नसतं."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी वेगळ्या शब्दांत माझ्या घरात विचारला गेला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. तेही इतकी वर्षं विज्ञान शिकवून.

मी त्याला म्हटलं, "उद्याचा अख्खा तास तुझ्या प्रश्नाचा." त्या तासाला काय शिकवलं ते इथे लिहिते आहे. शिवाय वर्गात सांगता आलं नाही असंही थोडं लिहिते आहे.

माझ्या आईला डाव्या स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, पुढचे उपचार झाले आणि आई बरी झाली. घरी आल्यावर महिन्याभरात ती पुन्हा माटुंग्याच्या भाजी बाजारात घासाघीस करायला लागली. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. ऑपरेशननंतर मिळालेल्या कागदांत एक पान हाताची काळजी कशी घ्यायची याचं होतं. ते मी इतर कागदांबरोबर फाइलला लावून टाकलं. नीट वाचलं नाही, हे खरं.

दोनेक वर्षांनी आई म्हणाली, "अगं, डाव्या हातातली पाटली रुततेय बघ."

मी म्हटलं, "वजन वाढलंय तुझं. मीठ कमी कर."

"वजन वाढलं तर एकाच हाताचं कसं वाढेल?"

हा तो प्रश्न. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला जे दिसत होतं ते मला दिसलं नाही. शेजारच्या मावशींनी गरम तेलाने चोळायला सांगितलं. मग रोज रात्री मीच तो हात जोर लावून चोळत असे. तिला दुखायचं, पण लेक सेवा करतेय म्हणून ती गप्प बसायची. पाटली शेवटी साबण लावून काढावी लागली. हात दंडापर्यंत जड झाला.

मग एका पावसाळ्यात विळीवर भाजी चिरताना तिच्या डाव्या बोटाला जरासं कापलं. हळद लावली, झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात लालभडक झाला, तापला आणि आईला हुडहुडी भरून ताप आला. पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. एवढ्याशा कापण्याने!

ताप उतरल्यावर एक तरुण फिजिओथेरपिस्ट आईजवळ येऊन बसली. तिने मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "शाळेत विज्ञान शिकवते." ती म्हणाली, "मग तुम्हाला सांगणं सोपं आहे." तिला माहीत नव्हतं की मला लसीका हा शब्द, तिची व्याख्या आणि 'लसीकेची दोन कार्ये लिहा' एवढंच येत होतं. तिने औषधाच्या पावतीमागे चित्र काढलं. आमच्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते साधं होतं आणि मला ते पहिल्यांदाच कळलं.

त्या दिवशी घरी येताना गांधी मार्केटला गुडघाभर पाणी होतं. ज्यांना माटुंगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटचा भाग बशीसारखा खोलगट आहे. दरवर्षी इथे पाणी भरतं. आकाशातून पडणारा पाऊस आमच्याकडे काही वेगळा नसतो. पडलेलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा कमी पडतात आणि त्यात समुद्राला भरती असली की पाणी पुढे सरकायला जागाच राहत नाही. म्हणून तर तिथे पंप बसवावे लागले. त्या पाण्यात चपला हातात घेऊन उभी असताना मला आईचा हात समजला. तिच्या हातात पाणी जास्त येत नव्हतं. जाण्याची वाट बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी इथूनच सुरुवात केली.

रक्त बंद नळ्यांमधून फिरतं हे खरं. पण केसाहून बारीक असलेल्या केशवाहिन्यांच्या भिंती मातीच्या माठासारख्या पाझरतात. तांबड्या पेशी आतच राहतात, पाणी, क्षार, साखर आणि थोडी प्रथिनं बाहेर झिरपतात. हे पाणी पेशींच्या भोवती पसरतं. पेशी त्यातूनच आपलं अन्न घेतात आणि त्यातच आपला कचरा सोडतात. टाचेच्या फोडात साठतं ते हेच झिरपलेलं पाणी. त्यात तांबड्या पेशी नसतात, म्हणून ते लाल नसतं. (इथे मागच्या बाकावरच्या स्वारीने आजूबाजूला विजयी मुद्रेने पाहिलं.)

बाहेर आलेलं बरंचसं पाणी परत रक्तात शिरतं, पण सगळं नाही. मोठ्या माणसात दिवसाला साधारण तीन लिटर पाणी मागे उरतं. वर्गात मी एक-एक लिटरच्या तीन बाटल्या टेबलावर मांडल्या आणि विचारलं, "एवढं पाणी रोज शरीरात साठत गेलं तर शनिवारपर्यंत आपलं काय होईल?" मुलांनी गाल फुगवून दाखवले.

हे उरलेलं पाणी गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणारी दुसरी नळ्यांची व्यवस्था म्हणजे लसीकासंस्था. नळीत शिरलं की त्याच पाण्याला लसीका म्हणायचं. या व्यवस्थेच्या तीन गोष्टी मुलांना चित्रातून लगेच कळतात.

पहिली, ही वाट एकेरी आहे. रक्त गोल फिरतं, लसीका फक्त हृदयाच्या दिशेने जाते. सर्वांत बारीक लसीकावाहिनी एका टोकाला बंद असते, हातमोज्याच्या बोटासारखी. तिच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींवर कौलांसारख्या चढलेल्या असतात. बाहेर पाणी वाढलं की ही कौलं आत उघडतात आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला लागलं की मिटतात. पुढच्या मोठ्या वाहिन्यांत ठरावीक अंतरावर झडपा असतात.

दुसरी, या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंती स्वतः हळूहळू आकुंचन पावतात. बाकीचं काम आपल्या हालचालीतून होतं. स्नायू आवळले की वाहिनी पिळली जाते, झडपांमुळे लसीका पुढेच जाते. खोल श्वास घेतला की छातीतल्या वाहिनीलाही मदत होते. लांबच्या एसटी प्रवासात पाय सुजतात त्याचं एक कारण हेच, पोटऱ्यांनी काम केलेलं नसतं. मुलांना उभं करून दहा वेळा मूठ उघड-मिट करायला लावली आणि म्हटलं, "हा तुमचा पंप."

तिसरी, शेवट. दोन्ही पाय, पोट, डावा हात, छातीची आणि डोक्या-मानेची डावी बाजू, एवढ्या सगळ्या भागाची लसीका छातीतल्या एका मोठ्या वाहिनीत येते. ती साधारण ४० सेंटिमीटर लांब असते आणि मानेच्या पायथ्याशी डाव्या बाजूला मोठ्या शिरेत उघडते. उजवा हात आणि वरची उजवी बाजू यांची लसीका उजवीकडच्या छोट्या वाहिनीतून जाते. असं अर्धं-अर्धं नसलेलं वाटप मुलांच्या चांगलं लक्षात राहतं.

जेवणाचाही इथे संबंध आहे. लहान आतड्यातून शोषलेले बहुतेक स्निग्ध पदार्थ थेट रक्तात जात नाहीत, ते लसीकावाहिन्यांतून जातात. त्यामुळे जेवणानंतर तिथली लसीका दुधासारखी पांढरी दिसते. १६२२ साली इटलीत गास्पारे असेली यांना नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या रेषा दिसल्या, त्या जेवणामुळेच. उपाशी प्राण्यात त्या सहज दिसल्या नसत्या. वरण-भातावर तूप घेतलं की ते कोणत्या वाटेने जातं, हे आता आमची मुलं घरी जेवताना सांगतात, अशी एका पालकांची प्रेमळ तक्रार आहे.

आता गाठी. लसीकावाहिन्यांच्या वाटेवर घेवड्याच्या दाण्यासारख्या गाठी असतात. शरीरात साधारण ५०० ते ६००, माणसागणिक कमी-जास्त. काखेत, मानेत, जांघेत आणि पोटात त्यांचे घोळके असतात. प्रत्येक गाठ म्हणजे नाक्यावरची चौकी. येणारी लसीका इथे गाळली जाते. त्यात जंतू सापडला तर आतल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या पेशींची संख्या वाढते, आणि एवढी गर्दी झाल्यावर गाठ सुजते. टॉन्सिल, पानथरी म्हणजे प्लीहा आणि लहानपणी मोठी असून वयात आल्यावर आटत जाणारी थायमस ग्रंथी, ही सगळी याच खात्यातली.

माझी आजी याला वेगळाच शब्द वापरायची. पायाला ठेच लागून जखम चिघळली आणि जांघेत गाठ आली की ती म्हणायची, "अवधान आलंय." मग ती जांघेकडे न बघता आधी पाय बघायची. जखम धुतली, बरी झाली की गाठ आपोआप बसायची. लसीकेची दिशा आजीला पाठ होती, नाव माहीत नव्हतं एवढंच.

हाच नियम आईच्या बाबतीत उलट्या दिशेने लागू झाला होता. स्तनातली लसीका मुख्यतः काखेतल्या गाठींकडे जाते. कर्करोगाच्या पेशी पसरतात तेव्हा त्याही याच वाटेने जातात, म्हणून डॉक्टर काख तपासतात आणि गरज असेल तर गाठी काढतात. आता बऱ्याच ठिकाणी वाटेवरची पहिली गाठ आधी काढून तपासतात आणि ती स्वच्छ असेल तर बाकीच्या वाचवता येतात. आईच्या गाठी काढणं आवश्यक होतं. त्याने ती वाचली. पण हाताचं पाणी वाहून नेणारी वाटही त्या काखेतूनच होती. पाणी साठलं, त्यातली प्रथिनं साठली, त्यांनी आणखी पाणी धरून ठेवलं, हात जड आणि घट्ट होत गेला. चौक्या कमी झाल्यामुळे विळीच्या कापण्यातून शिरलेल्या जंतूंना अडवायलाही तिथे पुरेसं कोणी नव्हतं. आणि मी रात्री जोर लावून चोळत होते. हे काम अगदी हलक्या हाताने, शिकलेल्या माणसाकडून, ठरावीक दिशेने करायचं असतं.

वर्गात मी हे 'माझ्या ओळखीच्या एक बाई' म्हणून सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग त्या बाईंना कोणी आधी सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं, "सांगितलं होतं. घरच्यांनी वाचलं नाही."

त्या आठवड्यात शेवटच्या तासाला मुलांना चालत फाइव्ह गार्डन्सला घेऊन गेले. झाडाखाली बसवलं आणि विचारलं, "ही बाग इथे का आहे?" फिरायला, खेळायला, अशी उत्तरं आली. मी म्हटलं, "एका गाठीमुळे."

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना तापाने फणफणलेले, जांघेत गाठ आलेले रुग्ण दिसले आणि त्यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं. आपल्या लोकांनी त्याला नावच दिलं गाठीचा ताप. उंदरावरची पिसू माणसाला चावते, बहुधा पायाला. जंतू कातडीखाली शिरतो, लसीकेबरोबर निघतो आणि पहिल्या चौकीत, म्हणजे जांघेत, पोचतो. हाताला चावली तर काखेत. अलेक्झांडर येर्सिन यांना १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला तोही अशाच गाठीतल्या द्रवात. आजीच्या अवधानात चौकी जिंकते, प्लेगमध्ये जंतू चौकीतच वाढतो आणि ती पाडून पुढे रक्तात जातो. एवढाच फरक, पण तेव्हा औषध नसल्यामुळे तो जीवघेणा होता. आज वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर प्लेग बरा होतो.

रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना उभं करून काखा आणि जांघा तपासत. बायकांना हे किती अपमानाचं वाटलं असेल! पुण्यात या तपासण्यांनी संताप उसळला आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. इतिहासाच्या तासाला मुलं ही तारीख पाठ करतात, पण सोजीर नेमकं काय शोधत होते हे त्यांना कोणी सांगत नाही. ते लसीकाग्रंथी शोधत होते.

त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या आजाऱ्यांची सेवा करताना, एका आजारी मुलाला उचलून दवाखान्यात आणल्यावर, त्यांना याच रोगाने गाठलं. हे सांगताना वर्ग शांत झाला. आपण सगळे शिक्षक त्यांचं नाव घेतो. त्या कशाने गेल्या हे विज्ञानाच्या तासालाही सांगायला हवं असं मला वाटतं.

मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. आपल्या परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. शहराच्या बाजूनेही विचार झाला. अंधाऱ्या, कोंदट, दाटीच्या वस्त्यांमुळे रोग पसरतो असं सरकारला वाटलं आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इकडच्या मोकळ्या जमिनींवर रुंद रस्ते, घरांमध्ये अंतर आणि बागा आखल्या गेल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि आम्ही बसलो होतो ती बाग, हे सगळं त्या आखणीतून आलं. मुलं आजूबाजूच्या झाडांकडे पाहत होती. एक जण हळूच जांघ चाचपत होता. त्याला म्हटलं, "असू दे रे, बारीक गाठ हाताला लागली तरी घाबरायचं नाही."

पालकांसाठी हेच जरा नीट लिहिते. मुलांच्या मानेत वाटाण्याएवढी गाठ लागणं फार सामान्य आहे. घसा, दात, कान किंवा उवांनी खाजवून झालेल्या डोक्यातल्या जखमा, यांमुळे ती येते आणि बहुधा दोनेक आठवड्यांत उतरते. तिला दाबू नका, शेकू नका, डागू तर नकाच. आजीसारखं करा, गाठीच्या अलीकडचा भाग तपासा. पण गाठ दोन आठवड्यांहून जास्त टिकली, वाढत गेली, दुखत नसूनही घट्ट लागली, सोबत संध्याकाळचा ताप किंवा वजन कमी होणं असेल, तर डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे मानेच्या गाठींचा क्षयरोग, जुन्या लोकांची गंडमाळा, अजून पुष्कळ आढळतो. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत आणि ते पूर्ण घेतले तर मूल बरं होतं. नुसता गाठींचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा त्या मुलाला वेगळं बसवू नका. ही शेवटची ओळ शिक्षकांसाठीही आहे.

विदर्भातल्या शिक्षकांना आणखी एक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येते तेव्हा "मला काही झालेलं नाही, मी कशाला घेऊ?" असं लोक म्हणतात. डासातून आलेले कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात, झडपा बिघडवतात आणि पाय सुजलेला दिसतो तो फार उशिरा. सुजलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. म्हणून गोळी आधीच घ्यायची. लसीकेचं चित्र समजलेलं मूल घरी हे सांगू शकतं.

आईबद्दल विचाराल तर आई ठीक आहे. हात पूर्ण उतरला नाही, उतरणारही नाही. ती दिवसा हातावर घट्ट बाही घालते, सकाळी गॅलरीत उभी राहून खांदा, कोपर, मूठ असे व्यायाम करते. विळीवर मी बसते. त्या तासाला काढलेलं चित्र मी तिला दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं सोपं होतं तर तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला आधी येत नव्हतं गं."

"मग आता मुलांना सांग," असं म्हणून ती मूठ उघड-मिट करत राहिली. दहा झाले की तिचे अजून दहा असतात.